एकादशी पाळणारा कॉम्प्युटर

माझ्या दुकानातला कॉम्प्युटर २००४ सालचा आहे. पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, विंडोज एक्सपी. रॅम मूळची २५६. उरलेली मागून टाकली, घराला पडवी काढतात तशी. एक्सपीचा हात कंपनीनं ८ एप्रिल २०१४ रोजी सोडला. मी सोडला नाही. यात निष्ठा वगैरे काही नाही. वीस वर्षांतल्या लग्नपत्रिकांचे सगळे नमुने या डब्यात पेजमेकरमध्ये आहेत, त्यांचे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे आहेत, आणि त्या फॉन्टांचं कुलूप म्हणजे एक बोटभर डोंगल. ते मागच्या ज्या रुंद प्रिंटर पोर्टात बसतं, ते पोर्ट नव्या कॉम्प्युटरला नसतं. त्याच फायली भाच्याच्या लॅपटॉपवर उघडल्या तर 'चि. सौ. कां.'च्या जागी दोन चौकोन, एक टिंब आणि डॉलरचं चिन्ह येतं. पूर्वी मुलाकडच्यांनी ते चालवूनही घेतलं असतं.

दुकान पैठणच्या जुन्या गावात, नाथांच्या वाड्याकडं जाणाऱ्या एका गल्लीत. डावीकडं अण्णांची पिठाची गिरणी, उजवीकडं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाले चाचा. चाचांकडं रेडिओ येणं कधीच थांबलं, पाटी तेवढी राहिलीय. माझ्याकडं लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दशक्रियेची पत्रं, दिंड्यांची पत्रकं आणि वर्गणीची पावतीपुस्तकं होतात. म्हणजे माणूस परणून, घर बांधून, वर्गणी देऊन जाईपर्यंत एकदा तरी माझ्या दुकानात येतोच.

तर यंदा नाथषष्ठीच्या तोंडावर हा कॉम्प्युटर हँग व्हायला लागला.

बंद पडलेल्या वस्तूचा राग येतो. हँग झालेली वस्तू अपमान करते. पडद्यावर सगळं जागच्या जागी असतं. वर गणपती, खाली 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', त्याखाली वराचं नाव अर्धं टाइप झालेलं. फक्त माउस हलत नाही. अशा वेळी नमलॉक दाबायचा. कीबोर्डावरचा हिरवा दिवा विझला-पेटला तर अजून धुगधुगी आहे. ढिम्म राहिला तर गेला. नाडी धरावी तसा मी दिवसातून सात-आठ वेळा नमलॉक धरायला लागलो. मग चार सेकंद बटण दाबून ठेवायचं, पंखा थांबला की पुन्हा सुरू करायचं आणि वराचं नाव पहिल्यापासून.

एकजण अंगावर १०८ वेळा थुंकला आणि एकनाथांनी १०८ वेळा न रागावता गोदावरीत स्नान केलं, ही गोष्ट आमच्या गावात पोराला पाळण्यातच कळते. मला चौथ्या रिस्टार्टला शिवी आली. आणि नाथांचं एक बरं होतं, मागचं स्नान सेव्ह केलं होतं का, ही काळजी त्यांना नव्हती.

भाचा एमएस-सीआयटी झालेला. तो म्हणाला, "मामा, फॉरमॅट मारू." कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर आपल्याकडं हे एकच औषध आहे. छप्पर गळतंय म्हणून भांडीकुंडी गोदावरीत सोडून द्यायची, अशातला हा प्रकार. मी नको म्हणालो. मग दुसरं औषध निघालं, खोडरबर. रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे, फुंकर मारायची आणि दोन्ही कडांची खिटी 'टक' वाजेपर्यंत पट्टी दाबायची. याला हसू नका. दातांवर चढलेला मळ यानं खरंच जातो आणि या देशातले किती कॉम्प्युटर चौथीतल्या पोराच्या कंपासपेटीनं वाचवलेत, याची मोजदाद नाही.

त्यानिमित्तानं कॅबिनेट उघडलं. हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरमध्ये ९ सप्टेंबर १९४७ रोजी रिलेत अडकलेला एक पतंग सापडला होता. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीनं लावला, ती वही अजून अमेरिकेतल्या संग्रहालयात आहे. माझ्या कॅबिनेटात जे सापडलं ते चिकटवायला वही पुरली नसती. वीस दसऱ्यांचं हळदीकुंकू, अक्षता, वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, पालीच्या अंड्याची दोन टरफलं आणि चार आण्याचं एक नाणं. ते नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं, माझ्याकडं मात्र आत खेळतं भांडवल म्हणून फिरत होतं.

पण खरा ऐवज प्रोसेसरच्या पंख्याखाली होता. उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पीठ. पात्यांच्या फटीत असं ठासून बसलेलं, की चाकूनं काढावं लागलं. मी अण्णांना हाक मारली. अण्णांनी चिमूट उचलली, अंगठा आणि बोटात चोळली, उजेडाकडं धरली.

"हे माझं नाही," अण्णा म्हणाले.

"अण्णा, भिंतीपलीकडं गिरणी तुमचीच आहे."

"असंल. पण माझं पीठ एवढं जाडं नसतं."

ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावली. आता गार राहणार, गार राहिला की थिजणार नाही, असा हिशेब. पेंटियम फोर तापतो हे खरंच आहे, आणि मार्चएप्रिलात पत्र्याखालच्या दुकानात मीही तापतो. कॉम्प्युटर दोन तास उत्तम चालला. मग 'वरमाई'वर अडकला. गिरणी निर्दोष सुटली. अण्णांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

शेवटी कॅबिनेट गोणपाटात बांधून एसटीनं संभाजीनगरला नेलं. पन्नासेक किलोमीटर ते माझ्या मांडीवर होतं, तरी कंडक्टरनं लगेज लावलं. तिथल्या पोरानं दोन दिवस ठेवून घेतलं आणि सांगितलं, "काका, सलग चालू ठेवलं होतं. एकदाही हँग नाही." डॉक्टरच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते, तसलं हे. चेकिंगचे तीनशे रुपये दिले, परत मांडीवर घेतलं, परत लगेज. दुकानात आणून लावलं, पंधराव्या मिनिटाला नमलॉक ढिम्म.

मग भाच्यानं मेमटेस्ट लावला. हा प्रोग्रॅम रॅमच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी ठेवतो आणि परत जाऊन बघतो, ठेवलं तेच आहे का. सासूनं सकाळ-संध्याकाळ फडताळातले डबे मोजावेत तसा. एक फेरी संपायला बराच वेळ लागतो, म्हणून रात्रभर चालू ठेवायचा. मी दुकानातच सतरंजी टाकली. मध्यरात्री त्या निळ्या पडद्यासमोर बसलो असताना अर्थातच नाथ आठवले. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडं हिशेबाला असताना त्यांना एका पैचा फरक लागेना. रुपयात पै १९२. म्हणजे आजचा माणूस 'इकडंतिकडं' लिहून मोकळा होईल एवढी रक्कम. नाथ रात्रभर दिव्याशी बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली, ती ऐकून स्वामी जागे झाले. या गावात चूक शोधण्याची परंपरा इतकी जुनी आहे. पहाटे साडेपाचला मेमटेस्टच्या सात फेऱ्या झाल्या होत्या. चुका शून्य. शून्य चुकांचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. टाळी वाजवली ती डास मारायला.

कॉम्प्युटर स्वतःच्या पडझडीची नोंद आत ठेवतो, हे मला तेव्हा कळलं. भाच्यानं ती यादी उघडली. महिनाभरातल्या सगळ्या घटना तिथं ओळीनं होत्या आणि सगळ्यांची तारीख होती १ जानेवारी २००३. त्याचं असं, की आतलं घड्याळ जगवणारा रुपयाएवढा सेल कधीच संपलाय. रात्री मी मेन स्विच पाडून घरी जातो, म्हणून माझ्या दुकानात रोज सकाळी १ जानेवारी २००३ उजाडतो. कॉम्प्युटर विकत घेण्याच्याही आधीचं साल. मला त्याची सवय झालीय. पण पटकीची साथ आल्यासारखे सगळे बळी एकाच दिवशी, त्यातून निदान काय काढणार?

म्हणून वही केली. दोनशे पानी, रेघांची. नाथषष्ठीचा काला झाला, गाव रिकामं झालं, त्या दिवसापासून भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणं लिहायला लागलो. 'सकाळी ८.१०, वर.' 'सकाळी ८.४५, वधूपिता.' 'दुपारी ४.२०, कृपया आहेर आणू नये, यातल्या नये-वर.' (हे लक्षात आलं नसतं आणि 'नये' गळालं असतं तर घराणं कामाला लागलं असतं.) लिहायला लागल्यावर राग कमी झाला. हँग झालं की आधी शिवी यायची, आता पेन्सिल कुठंय ते बघायचो.

सव्वा महिना झाल्यावर वही उलटी चाळली. जवळजवळ रोजच्या नोंदी. मधले दोन शुक्रवार दिवसभर वीज नव्हती, ते सोडून द्या. त्याशिवाय तीन दिवस कोरे. तिन्ही दिवशी दुकान उघडं, वीज होती, काम दाबून, हँग एकदाही नाही. तीन दिवसांत अंतर पंधरा-पंधरा दिवसांचं. कालनिर्णय बघितलं. पापमोचनी, कामदा, वरूथिनी.

कॉम्प्युटर एकादशी पाळत होता.

हे मी बायकोला सांगितलं, तिथं चुकलं. दुपारपर्यंत गल्लीत झालं, संध्याकाळी नदीकडं पोचलं. समोरच्या आजी उदबत्ती घेऊन आल्या. मी म्हणालो, "आजी, यंत्र आहे ते." आजी म्हणाल्या, "नागघाटावर रेडा वेद बोलला बाबा. हे तर शिकलेलं आहे." यावर उत्तर नाही. एका गृहस्थानं मुलीची पत्रिका एकादशीलाच करायची अट घातली. आणखी एकजण एका सकाळी कॉम्प्युटरपुढं उपासाचं केळं ठेवून गेला. साडेआठला दळणाची गर्दी सुरू झाली आणि केळ्याला शिवायच्या आत तो हँग झाला. हे वाक्य मी त्या दिवशी वहीत असंच्या असं लिहिलंय, 'दळणाची गर्दी' या शब्दांसकट. तरी मला काही सुचलं नाही.

सुचवलं ते अण्णांनी, तेही न सुचवता. पुढची एकादशी, वैशाखातली मोहिनी. तोवर अण्णांचा अबोला सुटला होता. दुपारी ते पेपर घेऊन माझ्या बाकड्यावर येऊन बसले. गळ्यात माळ आहे त्यांच्या. एकादशीला गिरणी फिरवायची नाही, हा वडिलांपासूनचा नेम. घटकाभर त्यांनी पेपर वाचला, घटकाभर माझं टाइपिंग बघितलं.

"आज लई गुमान चालू राहिलं ओ तुमचं," अण्णा म्हणाले.

मी मान वर केली. भिंत शांत होती. सव्वीस वर्षं जी भिंत घुर्र करते आणि म्हणून मला ऐकूच येत नाही, ती शांत होती. रात्रीही ती शांतच असते. आणि संभाजीनगरच्या त्या दुकानाला शेजारी गिरणी नव्हती, मोबाइलचं दुकान होतं.

"अण्णा," मी म्हणालो, "उद्या माझं एक काम करा. पाच वेळा गिरणी चालू करा आणि पाच वेळा बंद करा."

"रिकामी गिरणी फिरवत नसतात. दगड दगडाला खातो."

म्हणून दोन किलो ज्वारी आणली आणि तिचे पाच वाटे केले. द्वादशीला सकाळी सात वाजता अण्णा पलीकडं, भाचा दारात, मी पडद्यासमोर. भाच्यानं हात खाली केला की अण्णा खटका ओढायचे. पाचही वेळा दुकानातली ट्यूब मिचकली. दिवा मिचकला म्हणून आमच्या गल्लीत कुणी मान वर करत नाही, त्यामुळं इतके दिवस ते कुणी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या आणि पाचव्या वाट्याला कॉम्प्युटर थिजला. कॉम्प्युटरची चाचणी ज्वारीवर झाल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही. भाकरी चांगल्या झाल्या. पीठ बारीक होतं, हे अण्णांच्या बाजूनं नोंदवायला हवं.

"पण मी काय केलं?" अण्णांनी विचारलं. खरं तर काहीच नाही. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. बसलेली म्हैस उठताना लावते तसा तो दम असतो. एकदा उभी राहिली की काही नाही. त्या क्षणाला आजूबाजूच्या घरांत दाब खाली जातो. माझ्याकडं यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी कोरोनाच्याही आधी गेली आणि सध्या त्याच्यावर पाण्याचा तांब्या असतो. तरीसुद्धा निरोगी कॉम्प्युटरला एवढा झटका कळायला नको. गिरणी वीस वर्षं चालू होतीच की. मग आत्ताच काय झालं?

नाथांच्या वाड्यात रांजण आहे. प्रत्यक्ष देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षं त्यात कावडीनं पाणी भरत होता, ही आमची श्रद्धा. नाथषष्ठीच्या आधी भाविक तो भरतात. कॉम्प्युटरमधले कपॅसिटर म्हणजे असलेच रांजण, विजेचे. भरून ठेवायचे, आणि नळ क्षणभर गेला की त्यातून द्यायचं. बाहेरची वीज गेल्यावर कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायनं १६-१७ मिलिसेकंद तग धरावा, असा नियमच आहे. आपल्या विजेचा एक हेलकावा २० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे तेवढ्यालाही पुरेल असं नाही. पण गिरणीच्या मिचकावण्याला बास. पॉवर सप्लायमधले मोठे रांजण म्हातारे झाले, की मग सगळा भार मदरबोर्डावरच्या छोट्यांवर.

हे छोटे रांजण चाचांनी दाखवले. आम्ही महिनाभर त्याच कॅबिनेटात ब्रश मारत होतो, पण डोळ्यांत पीठ गेलेलं. चाचांनी चष्मा कपाळावर नेला, टॉर्च तिरपी धरली. प्रोसेसरच्या कडेनं करंगळीच्या पेराएवढ्या डब्यांची रांग. प्रत्येकीच्या चकचकीत टोपणावर इंग्रजी 'के'सारखी खाच मुद्दाम पाडलेली असते, आत गॅस धरलाच तर तिथून फाटावी म्हणून. आठ डब्या सपाट होत्या. चारांची टोपणं वर आलेली, तेलात टाकलेल्या पुरीसारखी. एकीच्या खाचेतून तपकिरी पापुद्रा बाहेर येऊन वाळला होता. चाचांनी तो नखानं खरवडून पाहिला.

"इसका तो पेट फुल्या, मियाँ," चाचा म्हणाले. "कितने दिन से भूखा चला रहे?"

या डब्यांची भानगड जगभर झालेली आहे. १९९९ ते २००७ च्या सुमाराला बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर हे कपॅसिटर असेच फुगले आणि फुटले. आतल्या द्रावणाचं जपानी सूत्र कुणीतरी चोरून नेलं आणि चोरताना ते अर्धवट उतरवून घेतलं, अशी बातमी तेव्हा छापून आली होती. खरंखोटं त्या चोराला माहीत. पण नकलेत चूक शिरते हे पैठणला कुणी सांगायला नको. १२९० ची ज्ञानेश्वरी नकलाकारांच्या हातून उतरत उतरत इतकी बदलली, की शके १५०६ म्हणजे १५८४ साली नाथांनी अनेक प्रती समोर ठेवून ती शुद्ध केली. त्याही आधी ज्ञानेश्वरादी भावंडं शुद्धिपत्र मागायला आली ती याच गावात. ते शुद्धिपत्र वेगळं, हे मला कळतं. पण माझ्या पत्रिकांसोबत वर्षाकाठी दोन-तीन शुद्धिपत्रं जातात, तेव्हा मला परंपरेचा आधार वाटतो.

चाचांनी मदरबोर्ड बाहेर काढून उलटा केला, चारही डब्यांचे पाय कथिल वितळवून मोकळे केले, भोकं टाचणीनं साफ केली. नवे कपॅसिटर संभाजीनगरहून मागवले, क्षमता तीच, पण ६.३ ऐवजी १० व्होल्टचे आणि १०५ अंशांपर्यंत टिकणारे. उणे बाजूला पट्टी असते, ती उलटी बसली तर दिवाळी. पॉवर सप्लाय दुसरा बसवला. मजुरीचे दीडशे रुपये आणि धाकट्या मुलीच्या निकाहच्या पत्रिकांत सूट, असा सौदा ठरला.

त्याला आता अडीच महिने झाले. रोज सकाळी गिरणी उठते, ट्यूब मिचकते, कॉम्प्युटर मान वर करत नाही. वहीची उरलेली पानं बायकोनं दुधाच्या हिशेबाला घेतली. अण्णा खूश आहेत. समोरच्या आजी तेवढ्या नाराज आहेत; एकादशी असो नसो, सारखाच चालतो म्हटल्यावर त्यांचं मत असं पडलं, की तो बाटला.

आतला सेल बदलायचा राहिलाय. तेव्हा आमच्याकडं पत्रिका टाकलीत आणि पावतीवर १ जानेवारी २००३ अशी तारीख दिसली, तर भांडू नका. पैसे मात्र चालू सालच्या दरानं द्यावेत.